तारखेबरोबर वेळही द्या!

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी नऊलाच झुंबड उडते. डॉक्टर अपुरे आहेत, हे खरेच. पण सर्वांना एकाच वेळी बोलावणे हेही खोळंब्याचे मोठे कारण आहे. साधा हिशेब पाहा. एका रुग्णाला ५ मिनिटे धरली, तर ६० रुग्णांना ५ तास लागतात. सारेच नऊला आले, तर शेवटच्याचा नंबर दुपारी दोनच्या सुमारास लागतो. तासाला बाराजणांना बोलावले, तर सहसा कोणाला तासाहून अधिक थांबावे लागणार नाही.

ही कल्पना नवी नाही. १९५२ साली इंग्लंडमध्ये बेली व वेल्श यांनी सुचवले होते : आरंभी दोघांना बोलवा, पुढे तपासणीच्या सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला.

आपल्याकडे २०२२ पासून क्यूआर कोडने नोंदणी सुरू झाली. त्याने केसपेपरची रांग घटते, डॉक्टरांच्या दारातली नव्हे. म्हणून फेरतपासणीच्या केसपेपरवर तारखेबरोबर वेळही लिहावी, ती गावच्या एसटीशी जुळवावी. तातडीच्या रुग्णांसाठी थोडा वेळ राखावा. डॉक्टरांनीही वेळ पाळावी. रक्तातील साखर तपासायला उपाशीपोटी आलेल्या आजीबाईंना दुपारपर्यंत ताटकळत ठेवणे, हा कुठला उपचार?