९९९९ इन वन

आमच्या बँकेच्या खिडकीवर खोटी नोट आली, की आम्ही ती परत देत नाही. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. नोटेवर शिक्का मारायचा, ती जप्त करायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात पावती ठेवायची. मग गिऱ्हाईक आपल्याकडे असे बघते, की जणू ती नोट आपणच रात्री घरी बसून छापली! गेली अठरा वर्षे मी या नजरा झेलतो आहे. तेव्हा खरे-खोटे या विषयावर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, असे मी समजतो. आमच्या हिला तो मान्य नाही, पण ते जाऊ द्या.

वाद असा आहे. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या धंद्याचे चोरट्या नकलांनी वाटोळे केले, असे कंपन्या म्हणतात. आणि “त्यांचं काय जातंय? गब्बर आहेत ते!” असे आमचे अख्खे गिरगाव-परळ म्हणते. मी बी. कॉम. असल्यामुळे मला दोन्ही हिशेब चुकलेले दिसतात.

आधी कंपन्यांचा घेऊ. एक नक्कल खपली की आमची एक विक्री बुडाली, असा त्यांचा त्रैराशिकी खाक्या. मी शाळेत असताना आमच्या वाडीत एक ‘ब्रिक गेम’ आला. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आलेला, पिवळ्या रंगाचा, खोक्यावर ‘९९९९ इन वन’ असे छापलेले. प्रत्यक्षात त्यात विटा पडत, एक साप वळवळे आणि एक मोटार धावे. उरलेले नऊ हजार नऊशे शहाण्णव खेळ म्हणजे हेच, पण जरा जोरात! तरी खेळायला गॅलरीत नंबर लागत. आता तो डबा मिळाला नसता, तर आम्ही खरा गेमबॉय घेतला असता काय? अहो, गेमबॉय नावाची वस्तू जगात आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. बुडीत कर्ज लिहायला आधी कर्ज द्यावे लागते, साहेब!

पण त्या पडणाऱ्या विटा कुणाच्या, हे पुढे वाचनात आले. अलेक्सी पाजितनोव्ह नावाच्या गृहस्थाने हा ‘टेट्रिस’ १९८४ साली मॉस्कोत रचला. १९८९ साली गेमबॉय निघाला, तेव्हा अमेरिकेत त्याच्याबरोबर हाच खेळ दिला जाई. पाजितनोव्ह सोव्हिएत सरकारच्या संस्थेत नोकर, म्हणून हक्क सरकारकडे. स्वतःचे मानधन त्यांना मिळू लागले ते १९९६पासून. म्हणजे आमच्या वाडीचे अंगठे सुजत होते, तेव्हा त्या माणसाला ना रुबल, ना रुपया. पगारी नोकराचे दुःख पगारी नोकरालाच कळते.

आता आमचा हिशेब. २०१० साली बँकेच्या पगारकराराची थकबाकी हातात आली आणि मी परळच्या बहिणीच्या मुलाला पीएसपी घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिले आहे, पण त्या नावाने विचारलेत तर तुम्हाला कोणी पत्ता सांगणार नाही.) दुकानदाराने विचारले, “ओरिजिनल पायजे की चालनारा?”

“म्हणजे?”

“ओरिजिनलमधी एक चकती, एक गेम. चालनाऱ्यामधी चाळीस गेम, फुकट.”

यंत्र अस्सलच होते; फक्त त्याचे कुलूप काढलेले. मी चालणारा घेतला. या धंद्यात पुष्कळदा यंत्रावर नफा बेताचा आणि खरी कमाई खेळांवर असते. पीएसपी यंत्रे जगभरात आठेक कोटी खपली म्हणतात. स्टोव्ह खपला, रॉकेल मात्र चोरीचे! मग रॉकेलवाला दुसरे गाव धरतो आणि स्टोव्ह माळ्यावर जातो. आदल्याच वर्षी फेब्रुवारीत टोकियोच्या न्यायालयाने, निन्टेन्डोच्या यंत्रात बसणाऱ्या ‘आर-फोर’ नावाच्या अशाच एका कार्डाची विक्री थांबवायला सांगितले होते. तो निकाल लॅमिंग्टन रोडला पायी येत असावा.

परवा भाच्याला विचारले, “त्या चाळीसपैकी खेळलास किती?”

“तीन.”

म्हणजे कंपनीने चाळीस विक्र्या बुडाल्या म्हणून गळा काढू नये. पण तीन बुडाल्या. त्या मी बुडवल्या, आणि तेही थकबाकी खिशात असताना!

हा भाचा आता लोअर परळला नोकरीला आहे. त्याचे आजोबा गिरणीत होते. हा त्याच भागात काचेच्या इमारतीत बसून मोबाईलच्या खेळांची चित्रे काढतो. सहा महिने खपून त्यांनी एक खेळ काढला. किंमत १२० रुपये. आठवड्याच्या आत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लालबागच्या काकांनी तो आख्खाच्या आख्खा चिकटवला. वर मजकूर : “आपल्या पोराचा गेम!! फुकट मिळतोय, लगेच घ्या!!” तेवीस अंगठे आले. मावशीने हात जोडले. एकाने गणपतीचे चित्र टाकले. चोरीच्या मालाचा इतका कौतुकसोहळा मी तरी पाहिला नव्हता.

भाच्याने ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही. रात्री मला फोन केला. “मामा, तू पण घेतलास?”

मी गप्प. माझा तिसरा टप्पा पार झाला होता.

“विक्री नाही झाली तर महिनाअखेर चार जण कमी करणार आहेत,” तो म्हणाला. आवाज साधाच होता. त्याचाच त्रास झाला.

मी तो खेळ पुसला, १२० रुपये भरून पुन्हा घेतला आणि सवयीने म्हणालो, “थांब, पावती पाठवतो.”

“पाठव,” तो म्हणाला. “आणि मामा, त्या पीएसपीतल्या तीन गेमचं काय करायचं?”