अडीअडचणीची ठेव

२४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि परतूरसारख्या तालुक्याच्या गांवींही कापडाचें दुकान, शिकवण्या, भिक्षुकी यांवर चालणाऱ्या घरांची मिळकत ऐन लग्नमुंजींच्या दिवसांत थांबली. सोनें हीच अडचणीची ठेव, असें आपण मानतों. पण तेव्हां सराफांचीं दुकानेंही बंद होतीं. पेटींतल्या पाटल्यांनीं वाणसामान येईना. बँका मात्र उघड्या होत्या.

यावरून गृहिणींनीं एवढा बोध घ्यावा कीं, संकटाची ठेव तोळ्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी. भाडें, किराणा, औषधें, मुलांची फी, कर्जाचा हप्ता या न टळणाऱ्या खर्चाची बेरीज १८,००० रुपये झाली, तर तीन महिन्यांची तरतूद ५४,००० होते. दरमहा १,५०० बाजूला काढल्यास ती तीन वर्षांत पुरी होते.

ही रक्कम मागतांच हातीं येईल अशी ठेवावी. बँकेंतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून पांच लक्षांपर्यंत विमा आहे. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा नाहीं. थोड्या जास्त व्याजासाठीं हा भेद विसरूं नये.

आणि ही ठेव कोठें आहे, हें घरांत पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावें. मिळकत थांबते ती पुष्कळदां मिळवत्या माणसाच्या आजारानेंच.