यंत्र येईल, कॉलम कोण निवडणार?

छिंदवाड्यात मूत्रपिंडे निकामी होऊन बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. आता प्रत्येक सरकारी प्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफ हवा, असे म्हटले जाते. मागणी रास्त आहे, पण अपुरी आहे; आणि धोका त्या अपुरेपणातच आहे.

जवळजवळ निम्मे औषध विषच असेल, तर ते स्वस्तातल्या पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीनेही दिसते. महागड्या यंत्राची खरी कसोटी ०.१ टक्क्याच्या मर्यादेपाशी लागते. तेथे निकाल ठरवते ती स्थिर प्रावस्था, म्हणजे कॉलमच्या आतल्या भिंतीवरचा काही मायक्रॉन जाडीचा थर.

निव्वळ डायमिथिल पॉलिसिलोक्सेनचा अध्रुवीय थर रेणूंना मुख्यतः उत्कलनबिंदूनुसार वेगळे करतो. हायड्रॉक्सिल गटांच्या ग्लायकॉलांची शिखरे त्यावर शेपटी ओढत येतात आणि किंचित विष त्या शेपटीत दडू शकते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या ध्रुवीय थरावर शिखरे रेखीव येतात. मात्र तो ग्लिसरीनला फार वेळ धरून ठेवतो, सुमारे २५० अंशांपुढे टिकत नाही आणि ऑक्सिजनने खराब होतो. म्हणून अमेरिकी औषधसंहिता ग्लिसरीनसाठी मधला मार्ग सांगते: ६ टक्के सायनोप्रोपिलफिनाइल आणि ९४ टक्के डायमिथिल पॉलिसिलोक्सेन.

पण ती सूचना ग्लिसरीनपुरती आहे. सिरपातल्या साखरेची वाफ होत नाही. ती इंजेक्टरमध्ये करपते आणि कॉलमच्या तोंडाशी साचते. ‘मास डिटेक्टर लावू’ म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की प्रोपिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल या दोहोंचा सर्वांत ठळक तुकडा ४५ वस्तुमानाचाच असतो. कॉलमने आधी वेगळे केले नाही, तर डिटेक्टर चकतो.

हे विष आपल्याला नवे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यानेच दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने व्यवस्थेची लक्तरे वेशीवर टांगली. तरीही चाळीस वर्षांनी आपण केवळ यंत्रांची संख्या मोजावी?

झाशीच्या बुंदेलखंड विद्यापीठात आणि देशभरातल्या महाविद्यालयांत औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुले उद्या या प्रयोगशाळांत बसतील. त्यांना कॉलमची लांबी पाठ करायला लावू नका. हाच कॉलम का, हे विचारा. सरकारने यंत्राच्या निविदेइतकेच महत्त्व या उत्तराला द्यावे. प्रत्येक अहवालात लिहिलेले असावे: स्थिर प्रावस्था कोणती, ती का निवडली, आणि मुद्दाम ०.१ टक्के विष मिसळलेल्या नमुन्यात ते स्वतंत्र दिसले का. ज्या अहवालात हे नाही, तो ग्राह्य धरू नये.

कारण ‘आढळले नाही’ या दोन शब्दांच्या भरवशावर कोणी आई आपल्या लेकराच्या तोंडात चमचा धरते.