संगणकातील वाटणी
मुळशी तालुक्यात पावसाळा आणि वीज यांचे फारसे सख्य नाही. यास्तव घरच्या संगणकावर लिनक्स प्रणाली बसविताना 'ईएक्सटी ४' ही फाइलपद्धती निवडावी, असे आम्ही सुचवितो. २००८ साली स्थिरावलेली ही पद्धती रचनेतील फेरफार रोजकीर्दीप्रमाणे आधी टिपून ठेवते. त्यामुळे वीज अकस्मात गेली तरी मांडणी सहसा विस्कटत नाही. संगणकात जुना मजकूर असल्यास प्रथम त्याची प्रत निराळ्या डिस्कवर काढावी. मग प्रणालीस एक विभाग आणि कुटुंबाचे हिशेब, पत्रे, छायाचित्रे यांस 'होम' हा दुसरा विभाग द्यावा. पुढे प्रणाली नव्याने बसविताना 'होम' फॉरमॅट न केल्यास ही ठेव शाबूत राहते. मात्र चुली वेगळ्या झाल्या तरी छप्पर एकच असते. डिस्क बिघडली की दोन्ही विभाग जातात. म्हणून निराळी ठेवलेली प्रत वेळोवेळी ताजी करीत जावे.