नदीचं पाणी मोजताना कोण सुटतं?

रायपूरच्या सदर बाजारात सराफांची शटरं वर जाण्याआधी, सकाळी सकाळी, दोन-तीन बायका गल्ल्यांतून फिरताना दिसतात. कारागिरांच्या खोल्यांसमोरची, गटाराच्या कडेची माती त्या बारीक कुंच्याने गोळा करतात, घमेल्यात भरतात आणि घरी नेऊन धुतात. दागिना तासताना-घासताना उडालेला सोन्याचा कण त्या मातीत असतो. हे काम करणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात, इकडे सोनझरा. माझे आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेच्या कामाला आले तेव्हापासून आमचं घर याच बाजाराच्या मागे आहे, म्हणजे या बायका मी लहानपणापासून पाहते आहे. पण नदीशी त्यांचा काही संबंध असेल, हे पीएच.डी.ला लागेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझा विषय महानदीचं पाणीवाटप. एकदा त्यांच्यातल्या एका वयस्कर दाईला मी तो सांगितला, तर ती हसली. म्हणाली, "नोनी, गटाराचं काम हे आमचं उरलेलं काम. खरं काम नदीचं." तिचं माहेर महानदीकाठचं. पावसाळ्यात पूर येतो, डोंगरातली माती वाहून आणतो. पाणी ओसरायला लागलं की जड कण वळणाच्या आतल्या बाजूला, खडकांच्या आडोशाला बसतात. दिवाळीनंतर रेती उघडी पडते, तेव्हा काठवटीत ती धुवायची. होळीपर्यंत हाच धंदा. त्याच रेतीवर शेजारचे केवट काकडी, कलिंगडाच्या वेली लावायचे. यातल्या कुणाच्याही नावावर सातबारा नव्हता. नदी उतरली की जमीन मिळायची, नदी चढली की जायची.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले. त्यात सोनझरा ही नोंद आहे. म्हणजे इंग्रजांना ही माणसं मोजता आली. आजच्या जलशास्त्राच्या अहवालात मात्र ती मला सापडत नाहीत.

गेल्या दीडेक दशकात छत्तीसगडने महानदीवर बंधाऱ्यांची रांग उभी केली: समोदा, शिवरीनारायण, बसंतपूर, मिरौनी, साराडीह, कलमा. खालच्या बंधाऱ्यांचं पाणी मुख्यतः जांजगीर-चांपा आणि रायगडकडच्या औष्णिक वीज प्रकल्पांसाठी. उन्हाळ्यात आपल्याकडे येणारं पाणी यामुळे घटलं, अशी ओडिशाची तक्रार. आम्ही आमच्या वाट्यापेक्षा कमीच वापरतो, पावसाळ्यात तर कितीतरी पाणी समुद्राला जातं, असं छत्तीसगडचं उत्तर. मार्च 2018 मध्ये केंद्राने लवाद नेमला. दोन्ही राज्यांची भाषा एकच आहे: किती पाणी, कुणाचं.

दाईच्या माहेरचा प्रश्न 'किती'चा नाहीच. तो 'केव्हा'चा आहे. बंधाऱ्यामागे पाणी वर्षभर तुंबून राहिलं की रेती उघडीच पडत नाही, आणि रेतीसोबत येणारा गाळही मागेच अडतो. खालच्या अंगाला दरवाजे अवेळी उघडले की वेली वाहून जातात. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यातल्या पुराच्या वेळी अंडी घालतात; पुराचा तो पहिला लोंढाच बोथट झाला तर त्यांचं गणित चुकतं. वर्षाची बेरीज केली तर पाणी तेवढंच भरेल, आणि तरीही नदीवर जगणाऱ्याचं वर्ष बुडालेलं असेल.

हे शास्त्राला माहीत नाही, असं नाही. पर्यावरणीय प्रवाह ठरवण्याची सर्वात सोपी पद्धत अमेरिकेतल्या टेनंट यांची, 1976 सालची: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या इतके टक्के सोडा म्हणजे नदी जगेल. आपल्याकडे 2018 साली गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी अधिसूचना निघाली, तीही टक्केवारीतच: कोरड्या महिन्यांत 20, पावसाळ्यात 30. महानदी तिच्यात नाही. दक्षिण आफ्रिकेत वेगळी पद्धत विकसित झाली. तिथे वर्षाचे तुकडे पाडून कोणत्या महिन्यात कोणता पूर, कोणता ओघ कशासाठी हवा, हे ठरवतात. शिवाय वर्णभेदाच्या काळात पाण्याचा हक्क नदीकाठच्या जमिनीला, म्हणजे बहुतांशी गोऱ्यांना चिकटलेला होता. 1998 च्या जलकायद्याने ती गाठ तोडली आणि माणसांच्या मूलभूत गरजा व नदीची गरज यांचं पाणी आधी राखून ठेवलं. वाटप त्यानंतर.

आपल्याकडे ती गाठ कुणी तोडली? कालव्याचं पाणी शेतमालकाला मिळतं, बंधाऱ्याचं कारखान्याला. भूमिहीन जातींचा नदीशी जो व्यवहार आहे, तो 'वापर' या रकान्यातच बसत नाही. शिवनाथचा अनुभव जुना नाही. 1998 मध्ये दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरवण्यासाठी नदीचा सुमारे 23 किलोमीटरचा पट्टा खासगी कंपनीच्या हाती गेला. त्यानंतर मासे धरायलाही बंदी आल्याची ओरड झाली आणि देशभर गाजली. गाजली ती 'पाण्याचं खासगीकरण' म्हणून. जाळी कोणत्या जातीची होती, हे क्वचितच कुणी विचारलं.

मी विचारलं होतं, एका कार्यालयात. समोरचे अभियंते सज्जन होते, चहाही मागवला. "मॅडम, क्युसेकला जात नसते," म्हणाले. महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यालाही नव्हती. जात ओंजळीला होती, म्हणून 20 मार्च 1927 घडला.

आता आपल्यापैकी अनेकांना अवघड वाटेल असा मुद्दा. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटकला ओडिशातल्या नद्यांवर परिषद भरली, अध्यक्षस्थानी मजूरमंत्री बाबासाहेब होते. मध्य प्रांताचे प्रतिनिधीही होते. पुराला शत्रू मानून नुसते बांध घालू नका, पाणी ही संपत्ती आहे, ते साठवा आणि सिंचन, वीज, वाहतूक सगळ्यांसाठी वापरा, असा त्यांचा आग्रह होता. 1957 मध्ये हिराकुड उभं राहिलं आणि लाखाहून अधिक लोक विस्थापित झाले, त्यात आदिवासी आणि दलित मोठ्या संख्येने. यासाठी बाबासाहेबांना दोष देणं मला उथळ वाटतं, आणि त्यांचं नाव घेऊन आजच्या प्रत्येक बंधाऱ्याला टाळ्या वाजवणंही. त्यांनी नदी खोऱ्याच्या पातळीवर, अनेकांसाठी विचारात घ्यायला सांगितली होती. त्या 'अनेकां'ची यादी आपण 1945 वर थांबवायची का?

ही यादी वाढवायला आंदोलनच लागतं असं नाही. 2006 च्या अधिसूचनेनुसार बहुतेक मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. गावात तो वाचू शकणारी पहिली व्यक्ती बहुधा तुम्हीच असता. लोक तुमच्याकडे नोकरीचा फॉर्म भरायला येतात, तसा हा कागदही आणतील. त्यातलं पाण्याचं प्रकरण उघडा. वार्षिक आकडा सोडून महिन्यांचा तक्ता शोधा आणि काठावरच्या माणसांना विचारा, कोणत्या महिन्यात तुमचं काय असतं. हरकत लेखी द्या, पोच घ्या.

मागच्या महिन्यात मी दाईला मोबाइलवर महानदीच्या पाण्याचा वर्षभराचा आलेख दाखवला. रेष कशी वाचायची ते सांगितलं. ऑगस्टचं शिखर तिने लगेच ओळखलं. मग उतारावरून बोट खाली नेत एका जागी थांबली आणि म्हणाली, "इथे आम्ही रेतीवर उतरायचो." घरी येऊन मी प्रबंधातल्या आलेखावर तिथे पेन्सिलने खूण केली. हा बिंदू कोणत्या सूत्राने काढला, असं मला आधीच विचारून झालंय.