पाणबुड्याची कानटोपी

थंडीत आपण कानटोपी घालतो. थंड पाण्यात स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांचीही अशीच एक कानटोपी असते. तिला ‘हूड’ म्हणतात. आइसलँडमधील सिल्फ्रा या प्रसिद्ध भेगेतले पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते. अशा ठिकाणी डायव्हिंगचा बेत असेल, तर हूड पारखूनच निवडा.

हूड निओप्रीन नावाच्या रबराचे असते. त्यातील वायूचे बारीक बुडबुडे ऊब धरून ठेवतात. इतक्या गार पाण्यासाठी साधारण ५ ते ७ मिलिमीटर जाडीचे हूड घ्यावे. सैल हूड कामाचे नाही, कारण त्यात गार पाणी सारखे आत-बाहेर खेळत राहते.

पण ‘जितके घट्ट तितके उबदार’ हा समजही घातक आहे. गळ्याशी आवळणाऱ्या हूडमुळे मानेतील रक्तवाहिनीवर दाब येतो, नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. पाण्याखाली चक्कर म्हणजे जिवाशी गाठ! कानाशी हवा कोंडली, तर कानाच्या पडद्यालाही इजा होऊ शकते. म्हणून पाण्यात उतरताच हूडची कड किंचित ओढून थोडे पाणी आत घ्यावे.

हूड घालून पाहताना आवंढा गिळा, मान दोन्हीकडे वळवा, जबडा उघडा. गळा दाटल्यासारखा वाटला तर मोठे माप मागा. हूड भाड्याने घेत असाल, तरी ही पारख चुकवू नका. दुसरे मागायला संकोच कसला?