कपातीचे दोनशे रुपये

वर्षातला सर्वांत आखूड महिना फेब्रुवारी, आणि आम्हां पगारदारांच्या व्यवसाय कराची कपात मात्र त्याच महिन्यात सर्वांत मोठी. इतर अकरा महिने २०० रुपये जातात, फेब्रुवारीत ३०० जातात. वर्षाची बेरीज अडीच हजार. या जादा शंभराचे कारण अगदी साधे आहे : अडीच हजारांना बाराने नीट भाग जात नाही. परंतु आमच्या प्राध्यापक-कक्षात हे कारण दर वर्षी नव्याने सांगावे लागते आणि दर वर्षी ते कोणालाच पटत नाही.

गेल्या फेब्रुवारीतही तेच झाले. वाणिज्य शाखेचे एक सहकारी पगारपत्रक हातात धरून म्हणाले, "सर, हा पैसा जातो कुठे, ठाऊक आहे ना? रोजगार हमीला! आपण तास घ्यायचे आणि तिकडे लोकांनी झाडाखाली बसून हजेरी लावायची." दुसरे म्हणाले, "म्हणून तर शेतावर माणूस मिळत नाही." तिसऱ्यांनी नुसता "हं" केला; पण तो 'हं' असा होता की त्यात एक सबंध अग्रलेख मावावा.

मी काय केले? वाचकहो, मी मान डोलावली. खोटे कशाला सांगू? हिरडस मावळात आमची दीड एकर भातखाचरे आहेत. आषाढात तरवा तयार असतो, खाचरात पाणी तुंबलेले असते, आणि लावणीला बाया मिळत नाहीत. पूर्वी सावड असे. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. आता घरोघरची तरुण पोरे शिरवळच्या कारखान्यांत नाही तर पुण्याला. सावड करायची कोणाशी? अशा वेळी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला एखादा दोषी हवा असतो, आणि सरकारी योजना हा सर्वांत सोयीचा दोषी. ती उलटून बोलत नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर ही सारी चर्चा मी आईला सांगितली. गमतीनेच सांगितली. आई भाजी निवडीत होती. तिने विचारले, "किती कापत्यात म्हनला?"

"दोनशे."

"महिन्याला?"

"महिन्याला."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या खडीवर कुनाचं कापलं आसंल रं तवा?"

आईचे माहेर पुरंदर तालुक्यातले. १९७२ साली पावसाने पाठ फिरवली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढच्या उन्हाळ्यात ती, तिची आई आणि थोरली वहिनी अशा तिघी दुष्काळी कामावर जात. आधी खडी फोडण्याचे काम, मग पाझर तलावावर माती वाहण्याचे. मजुरी रुपया-दोन रुपये, वर सुकडी. ती सुकडी घरच्या धाकट्यांसाठी पदरात बांधून आणायची, असे ती सांगते. खडी फोडताना कपची उडून तिच्या भुवईला लागली होती, ती खूण अजून आहे. लहानपणी मी विचारले, तर "पडले होते" म्हणून सांगायची. खडी फोडली, हे ती त्या संध्याकाळपर्यंत कधी बोलली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. काम सुरू झाले तेव्हा गावातले एक बागाईतदार घर म्हणत होते की सरकार लोकांना ऐतखाऊ करीत आहे. महिना गेला, त्यांची विहीर आटली. एके सकाळी त्या घरची सून तोंडावर पदर ओढून आली आणि आईच्या शेजारी खडीवर बसली. कोणी तिला काही विचारले नाही. मुकादमाने नाव लिहून घेतले, एवढेच.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मे महिन्याच्या उन्हात हातोडी घेऊन दगडापुढे बसणे हा काही चैनीचा प्रकार नव्हे. ज्याला दुसरे दार उघडे आहे, तो या दाराशी येत नाही. म्हणून गर्दी वाढली की "लोक आळशी झाले" असे म्हणण्याआधी कोणकोणती दारे बंद झाली, हे पाहायला हवे. वैद्य ताप वाढल्याबद्दल तापमापकाला रागे भरत नाही. आम्ही मात्र नेमके तेच करतो आणि वर त्याला अर्थशास्त्र म्हणतो.

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. तिचे मूळ सूत्र असे की काम मागणाऱ्याला काम द्यायचे, आणि तो सरकारचा उपकार नव्हे, मागणाऱ्याचा हक्क. पैसा कोठून आणायचा? १९७५ साली व्यवसाय कर आला तो यासाठीच. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांनी थोडे द्यायचे, सरकारने आपल्या तिजोरीतून भर घालायची. पुढे कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. एक रुपयाच; पण न दिलेल्या कामाची किंमत सरकारने स्वतःच्या हाताने लिहून ठेवावी, ही गोष्ट लहान नव्हे. २००५ साली सबंध देशासाठी कायदा झाला, तेव्हा आमच्या या प्रयोगाकडे बघूनच तो झाला.

टीका मात्र योजनेपेक्षा फार जुनी आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात व्हाइसरॉयचे प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल पाहणीला आले. कामावर फार गर्दी झाली आहे, गरज नसलेले लोकही शिरले आहेत, असा त्यांचा संशय. उपाय म्हणून मजुरी उतरवली : दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर. शिवाय जवळची छोटी कामे बंद करून लोकांना लांबच्या मोठ्या कामांवर धाडायचे. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या दख्खनी जिल्ह्यांतले हजारो लोक हातातले काम टाकून उठून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संपच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. सरकारी बाजूने काय अर्थ लावला? काम सोडून गेले, म्हणजे गरज नव्हतीच! कामावर आले तर ऐतखाऊ, गेले तर गरजच नव्हती. या तर्कातून उपाशी माणसाने सुटावे कसे, हे टेंपलसाहेबांनाच ठाऊक.

विलायतेतही निराळे नव्हते. मंदीच्या दिवसांत, १९३१ साली, तिकडे बेकारांच्या घरची मिळकत तपासण्याची पद्धत आली. अधिकारी घरात येऊन बघणार. मुलगा चार शिलिंग मिळवीत असेल, तर बापाचा भत्ता तेवढा कमी. कित्येक घरांतली मिळवती मुले बापाचा भत्ता वाचावा म्हणून घर सोडून गेली. अमेरिकेत २०२० च्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात ३३ लाखांच्या आसपास लोकांनी बेकारी भत्त्याचे अर्ज केले. पुढच्या आठवड्यात जवळजवळ दुप्पट. भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळू लागताच तेथेही "आता कामावर कोण येणार?" ही हाकाटी झाली. म्हणजे आमच्या प्राध्यापक-कक्षातले तिसरे गृहस्थ जगभर आहेत; भाषा तेवढी वेगळी.

त्याच २०२० सालची आमच्याकडची गोष्ट सांगतो. कारण मान डोलावताना ती मला आठवायला हवी होती.

टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून माणसे भोर-वेल्ह्याकडे परतली. कोणी टेम्पोतून, कोणी पायी. त्या सालात देशभर ७ कोटी ५५ लाख कुटुंबांनी रोजगार हमीवर काम केले. आदल्या वर्षी हा आकडा ५ कोटी ४८ लाख होता. दोन कोटी कुटुंबे एका वर्षात आळशी झाली, असे म्हणायला निदान थोडे धैर्य लागेल. पण तेही म्हणणारे निघालेच.

मे महिन्यात एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी दारात आला. मराठी घेऊन बी. ए. झालेला. पुण्याजवळ एका कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले, तेव्हा नोकरी गेल्याचे त्याला कळले. तोंडाला रुमाल, ओट्यावर लांब बसलेला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, एक अर्ज लिहून पाहिजे होता."

"कसला?"

"कामाचा. रोजगार हमीच्या."

जॉबकार्ड वडिलांच्या वेळचे होते. काम मागायचा छापील नमुनाही त्याने भरून दिला होता. अडचण वेगळीच होती. अर्ज घेतात, पण पोच देत नाहीत. "काम निघालं की सांगतो, पोच कशाला?" असे उत्तर मिळते. आता कायद्याची सारी मेख या पोचेत आहे. पंधरा दिवस मोजायचे ते पोचेवरच्या तारखेपासून. पंधरा दिवसांत काम नाही दिले, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव आणि त्यापुढे निदान निम्मा भत्ता देणे सरकारला भाग. पण पोचच नसेल तर अर्ज नाही, अर्ज नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर बेकारही नाही! बेकारी भत्त्याने तिजोरी रिकामी होते म्हणून आपण हळहळतो; तो भत्ता हाती पडलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

मी त्याला विचारले, "तू बी. ए. झालेला. खड्डे खणशील?"

हा प्रश्न मी विचारायला नको होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही उन्हाळ्यात काय करायचा?"

त्याला ठाऊक होते. मी सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. तास झाला तर पैसे. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. एम. ए. ची पदवी असलेला मी त्या दिवसांत एका नातलगाच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे मोजीत बसे, आणि ओळखीचा विद्यार्थी आला की मागच्या खोलीत जाई. एका मेमध्ये हाच मुलगा वह्या घ्यायला आला होता. मी आत गेलो. त्याने मला पाहिले होते, हे मला त्या दुपारी कळले.

अर्ज मी लिहून दिला. नीट मराठीत, दोन प्रतींत, आणि शेवटी एक ओळ घातली : 'सदर अर्जाची दिनांकित पोच मिळावी, न मिळाल्यास तसे कारणासह लेखी कळवावे.' इतकी वर्षे अर्जलेखनाचे गुण देत आलो, पण अर्ज खराखुरा कोणाच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ.

शेजारच्या एका गृहस्थांनी तो जाताना पाहिला आणि म्हणाले, "आता पदवीधरसुद्धा रोजगार हमीवर? मग लावणीला कोण मिळणार?" या प्रश्नाचा हिशेब मी पुढे केला. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती, आणि तीही मापात काम बसले तर, बँकेत जमा होईल तेव्हा. त्याच वर्षी लावणीला मी ५०० रुपये रोख आणि दुपारचे जेवण दिले. ५०० सोडून ३१२ घ्यायला कोणी जात असेल, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. फार तर गणितात कच्चा म्हणता येईल. शिवाय योजनेवरची मागणी चढते ती मे-जूनमध्ये. पेरणी-लावणी सुरू झाली की उतरते. आमच्या खाचरातल्या बाया रोजगार हमीने नेल्या नाहीत. त्यांतल्या निम्म्या म्हाताऱ्या झाल्या आणि निम्म्यांच्या मुली शिरवळला कामाला जातात. पण ओरड अशी की ती शेवटी कायद्यात उमटली. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला; त्यात कामाचे दिवस १०० चे १२५ केले, आणि त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूद घातली. ज्याच्या गावात त्या ६० दिवसांत कोणाकडे लावणीच नाही, त्याने काय करायचे?

सुशिक्षितांचे म्हणाल, तर २०२४ साली राज्याने युवकांसाठी कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिन्याला दहा हजार, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' म्हणून हसून घेतले. माझे दोन विद्यार्थी त्यात होते. मुदत संपली आणि ते पुन्हा घरी बसले. त्यांच्याबद्दल कक्षात कोणी काही म्हणाले नाही. हसण्याचा भाग तेवढा आधीच उरकला होता.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी वाणिज्यच्या सहकाऱ्यांना सांगितले. आईच्या भुवईचे नाही सांगितले. ते म्हणाले, "सर, पण गैरप्रकार होतातच की! खोटी नावे, खोट्या हजेऱ्या." होतात. मी नाही म्हटले नाही. पण हजेरीपटावर खोटे नाव घालणारा कधी खडीवर बसलेला नसतो. तो सावलीत असतो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तरीसुद्धा फेब्रुवारीत तीनशे म्हणजे..." तेवढ्यात तासाची घंटा झाली.

त्या मुलाला पोच मिळाली. दोन खेपा घालाव्या लागल्या. पोचेवर तारीख पडली आणि चौदाव्या दिवशी काम निघाले : झाडे लावण्यासाठी डोंगराच्या उतारावर खड्डे खणायचे. त्याच्याबरोबर आणखी अकरा जणांची नावे हजेरीपटावर चढली. पैसे गणपती उलटून गेल्यावर जमा झाले. अर्जाची दुसरी प्रत त्याने मला आणून दिली होती. गेल्या फेब्रुवारीत मी ती शोधून काढली आणि आईला वाचून दाखवली. तिने कागद हातात घेऊन पोचेचा शिक्का नीट पाहिला आणि म्हणाली, "आमाला आसलं कायबी देत नव्हते."